बातमी, आकाशवाणी आणि रोडगे

परगावी गेलेल्या यवतमाळकराला एक अनुभव हटकून येतो. रेल्वेच्या डब्यात किंवा लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ मोठ्या आपुलकीने गाव विचारतो, आपण ‘यवतमाळ’ म्हणतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुतक उतरते. “अरेरे! तिकडे शेतकरी फार आत्महत्या करतात, नाही?” नागपूर म्हटले की लोकांना संत्री आठवतात, शेगाव म्हटले की गजानन महाराज आणि पाठोपाठ कचोरी आठवते. आमच्या वाट्याला मात्र एक आकडा आला आहे. तो खोटा नाही, ही त्यातली दुःखाची गोष्ट. पण सोळा तालुक्यांच्या एवढ्या मोठ्या मुलखाची ओळख एका आकड्यात संपावी, हेही काही खरे नव्हे.

मी मूळचा सांगलीकडचा. गेली अठरा वर्षे यवतमाळात मराठी शिकवतो. ‘वृत्तलेखन’ हा आमच्या अभ्यासक्रमातला एक छोटासा भाग. बातमीचा मथळा कसा असावा, पहिल्या परिच्छेदात काय यावे, हे मी फळ्यावर लिहून देई आणि मुले ते निमूटपणे उतरून घेत. मात्र आपल्या जिल्ह्याबद्दल रोज छापून येणारी बातमी कोण लिहितो, कुठे बसून लिहितो, हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते. पोहणे शिकवायचे आणि विहीर दाखवायची नाही, तशातली गत. म्हणून गेल्या ६ जानेवारीला बावीस मुलामुलींना घेऊन मी बाहेर पडलो. दिवस मुद्दाम निवडला होता. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले आणि मराठी वृत्तपत्रांचा श्रीगणेशा झाला. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

कार्यक्रम भरगच्च होता. सकाळी खिळ्यांचा जुना छापखाना, नंतर आकाशवाणी, दुपारी एका विद्यार्थ्याच्या शेतात जेवण आणि संध्याकाळी एका दैनिकाचे जिल्हा कार्यालय. जेवणावरून आदल्या दिवशी वर्गात चांगलाच वाद रंगला. एका गटाचा आग्रह, “सर, चायनीज खाऊ!” गल्लोगल्ली लाल रंगाच्या गाड्या उभ्या राहून एव्हाना बरीच वर्षे झाली आणि पोरांना मंचुरियन म्हणजे पक्वान्न वाटते. मी त्यांना सांगितले की ज्याला तुम्ही चिनी म्हणता ते मंचुरियन मुंबईत जन्मले असे मानतात. कलकत्त्यातल्या चिनी कुटुंबातून आलेल्या नेल्सन वँग नावाच्या बल्लवाने १९७५च्या सुमारास आले, लसूण, हिरवी मिरची या आपल्याच फोडणीत सोया सॉस घालून ते केले, अशी त्याची कथा आहे. मांचुरियातल्या माणसाला ते ओळखूही यायचे नाही. हे ऐकून चायनीज गटाचा उत्साह थोडा ओसरला आणि रोडग्यांचा पक्ष बहुमताने निवडून आला.

छापखाना एका बोळात आहे. मालक सत्तरी ओलांडलेले. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके आता संगणकावर होतात, पण खिळ्यांची कपाटे त्यांनी मोडीत काढलेली नाहीत. “बसा जी,” म्हणून त्यांनी मुलांना भोवती घेतले आणि लाकडी खणांची केस पुढे ओढली. इंग्रजीला अक्षरे सव्वीस. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या टाइपाने मराठी छपाईला वळण लावले, हे मी वर्गात सांगतो. इथे मुलांनी त्या शिशाचे वजन हातावर घेतले. प्रत्येकाने स्टिकमध्ये आपापले नाव जुळवून पाहिले. अक्षरे उलटी, ओळही उलटी वाचायची. एका मुलीला आपले नाव जुळवायला दहा मिनिटे लागली, तीही एक वेलांटी चुकवून.

म्हातारबाबा हसून म्हणाले, “पोरी, शिसं हातात घेतलं का माणूस अक्षर चुकवाले भेतो. एक खिळा चुकला तर सारी ओळ सोडा लागते. आता बोटानं चुकते अन् बोटानंच सुधरते, म्हणून कोणी भेत नाही.”

हे वाक्य त्या मुलीने आपल्या वहीत टिपून घेतले. का घेतले, ते मला संध्याकाळी कळले.

यवतमाळ हे वृत्तपत्राच्या दृष्टीने आडगाव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. लोकनायक बापूजी अणे हे याच जिल्ह्यातल्या वणीचे. त्यांचा जन्म १८८० सालचा. वकिली त्यांनी यवतमाळात केली, १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात पुसदला तुरुंगवास पत्करला. त्यांनी १९१८ साली यवतमाळात एक साप्ताहिक काढले आणि त्याला ‘लोकमत’ हे नाव खुद्द लोकमान्य टिळकांनी सुचवले, असे सांगतात. पुढे ते बंद पडले. स्वातंत्र्यानंतर बाभुळगावच्या जवाहरलाल दर्डांनी त्याच नावाने पुन्हा साप्ताहिक सुरू केले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरात त्याचे दैनिक झाले. आज गावोगाव पसरलेल्या एका वृत्तपत्राच्या नावाची पहिली मुळी अशी आमच्या काळ्या मातीत आहे, हे ऐकून मुलांच्या माना थोड्या ताठ झाल्या.

तिथून आम्ही आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावर गेलो. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८चे. यवतमाळचे त्या मानाने पुष्कळच धाकटे, पण १०२.७ मेगाहर्ट्झ हा आकडा इथल्या शेतमजुरांच्या मोबाइलला पाठ आहे. वेचणीला जाणाऱ्या बाया ओटीत कापूस भरतात आणि कुणा एकीच्या कमरेला लावलेल्या फोनवर गाणी चालू असतात, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला एकापाठोपाठ एक अशी दोन दारे असतात, भिंतींना बारीक भोके असतात आणि त्या भोकांत आवाज विरून जातो. दार लागले आणि बावीस पोरांचा कलकलाट एकदम असा बंद झाला की त्यांचे त्यांनाच नवल वाटले. एका मुलाने टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि तिथेच मेली, प्रतिध्वनी म्हणून नाही.

उद्घोषिकाबाईंनी दोन-चार युक्त्या सांगितल्या. कागद सुटे ठेवावेत, टाचणी लावू नये, कारण पान उलटल्याचा आवाज श्रोत्याला वादळासारखा येतो. मायक्रोफोनपासून वीतभर अंतर ठेवावे. पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे-साडेपाचशे शब्द पुरे होतात. आणि शेवटची सूचना अशी, “लाखो लोक ऐकत आहेत असं मनात आणू नका. समोर एकच माणूस बसला आहे, त्याच्याशी बोला.” मी इतकी वर्षे वक्तृत्वस्पर्धांचा परीक्षक आहे, पण सभाधीट होण्याचा इतका सोपा मंत्र मला कुणी दिला नव्हता.

मग मुलांना आपापले दोन मिनिटे बोलून पाहायला दिले. दिग्रसकडच्या तांड्यावरचा एक मुलगा आधी प्रमाण मराठीत अडखळला आणि मग बाईंच्या सांगण्यावरून गोरमाटीत असा काही बोलला की काचेपलीकडचे तंत्रज्ञही हसू लागले. कोलाम वस्तीवरून आलेला दुसरा मुलगा मात्र गप्प राहिला. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास मानलेल्या आदिम जमातींपैकी एक, आणि त्यांच्या कोलामी बोलीचे नाते तेलुगू, गोंडी यांच्या कुळाशी. तो हळूच म्हणाला, “सर, आमची बोली मी मोठ्या आवाजात घराबाहेर कधी बोललोच नाही.” बाई म्हणाल्या, “मग हळू बोल. हा माइक हळूच ऐकतो.” तो बोलला. आम्हांला कुणालाच अर्थ कळला नाही, तरी सारे कान देऊन ऐकत होते.

दुपारी बारा वाजता आम्ही कळंबच्या वाटेला लागलो. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली, कुंडाकाठी बसलेला आहे. त्याचे दर्शन घेऊन पुढे शेतावर पोचलो तेव्हा गोवऱ्यांचा धूर दिसू लागला होता. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी रोडग्यांची कृती थोडक्यात देतो. गव्हाचे जाडसर पीठ मीठ-ओवा घालून घट्ट भिजवायचे. तीन लहान-मोठ्या पाऱ्या करून मध्ये तेलाचा हात लावत एकात एक बंद करायच्या. गोवऱ्या पेटून त्यांचा लालबुंद आर झाला की त्यात हे गोळे भाजायचे आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचे. बाहेर काढून फडक्यात घोळले की राख झडते. मग मुठीने फोडायचे, पदर सुटे करायचे आणि वर तूप. जोडीला तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. राजस्थानच्या बाटीचा हा वऱ्हाडी भाऊबंद म्हणावा, पण बाटी एकपदरी आणि हा तीनपदरी, एवढा मान वऱ्हाडाने राखला आहे.

भाजीवर भुरभुरायला यजमानीणबाईंनी “सांबार आणा व” म्हणून हाक दिली. पुण्याकडचा पाहुणा असता तर इडली शोधू लागला असता. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाषाशास्त्राच्या तासाला मी हेच उदाहरण देतो, पण पळसाच्या पानावर ते जास्त चांगले समजते.

जेवताना बाईंनी सीतादहीची गोष्ट काढली. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात झाडाची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, घरची माणसे आणि वेचणाऱ्या बाया यांनी मिळून खायचे, मगच कापसाला हात लावायचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वऱ्हाडात हा छोटासा सण होतो. ती वेलांटी चुकवणारी मुलगी एकदम म्हणाली, “आमच्या घरी बाबा दही लावायचे. आता आई लावते.” एवढे बोलून ती पुन्हा जेवू लागली. तिचे वडील नाहीत हे मला माहीत होते. त्यापलीकडे मी कधी विचारले नव्हते.

संध्याकाळी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात गेलो. दोन खोल्या, चार संगणक, सतत वाजणारे फोन आणि चहाचे कागदी पेले. पाने इथे लावली जातात आणि तारेच्या वेगाने दूरच्या शहरातल्या छापखान्यात जातात. तिथे चार रंगांच्या चार पाट्या तयार होतात आणि रात्री यंत्र धडधडू लागते. उमरखेड-पुसदसारख्या लांबच्या तालुक्यांची पाने आधी सोडावी लागतात, कारण पहाटे गाडी पोचली पाहिजे. त्यामुळे तिकडे रात्री उशिरा घडलेले तिकडच्याच वाचकाला एक दिवस उशिरा वाचायला मिळते. उपसंपादकांनी हे सारे मोकळेपणाने समजावले. चाळिशीचे, थकलेले, पण प्रश्नांना न कंटाळणारे गृहस्थ.

मी मुलांना २००६ सालची एक गोष्ट सांगितली. पी. साईनाथ त्या काळात विदर्भातल्या आत्महत्यांवर लिहीत होते. मुंबईत एका फॅशन सप्ताहाला ५१२ अधिकृत पत्रकार हजर होते, सुती कपड्यांची मिरवणूक चालली होती, आणि तो कापूस पिकवणारे जिथे मरत होते तिथे बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे त्यांनीच दाखवून दिले. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहनसिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची योजना जाहीर केली. म्हणजे बातमीला जोर असतो. पण ती लिहायला कुणीतरी तिथे असावे लागते.

तेवढ्यात त्या मुलीने जुन्या अंकांची एक फाइल मागितली. तारीख तिला पाठ होती. पान उलटत ती एका जागी थांबली. खालच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. ‘कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या.’ ती म्हणाली, “सर, हे माह्या बाबाचं हाय. नाव चुकलं. आडनावातलं अक्षर चुकलं, अन् तालुकाही दुसराच टाकला.”

खोलीत कुणी बोलेना. मग तिने उपसंपादकांकडे पाहून शांतपणे विचारले, “दादा, यानंतर काय झालं ते कुठल्या पानावर येते?”

पुढचे तिने सांगितले ते असे. अशा घराला सरकारकडून एक लाख रुपयांची मदत मिळते. २००६ सालच्या निर्णयानुसार तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्ह्याची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. तिच्या वडिलांनी बियाण्यासाठी ओळखीच्या माणसाकडून तोंडी उसने घेतले होते. कागद नव्हता. प्रकरण ‘अपात्र’ झाले. उसने देणारा मात्र पैसे मागत राहिला आणि आईने ते चार हंगाम मजुरी करून फेडले. “मेल्याची बातमी चार ओळी आली,” ती म्हणाली, “फेडल्याची एकही नाही आली.”

उपसंपादकांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, “पोरी, खरं सांगतो. रात्री अकराला पोलीस ठाण्याचा फोन येतो, पान सुटायला दहा मिनिटं असतात, आणि समितीची यादी येते तेव्हा तिच्यात नावं नसतात, आकडे असतात. नावामागं जायला आमच्याकडं माणूस नसतो. पण तू आहेस. तू लिहून दे. तारखा खऱ्या, रकमा खऱ्या, रडणं नको. साडेचारशे शब्द.”

ती लगेच हो म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर माझ्या शेजारी येऊन बसली. “सर, गावात लोक विसरले आहेत. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं हाय. छापून आलं तर पुन्हा बोट दाखवतील.” मी शिक्षक असलो तरी या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकात नाही. मी एवढेच म्हटले की हे तुझ्या आईचे आहे, तिला विचार. ती नाही म्हणाली तर इथेच सोडून दे. तुझ्या परीक्षेच्या गुणांशी याचा काडीचाही संबंध नाही.

तीन आठवडे काहीच कळले नाही. मग एके दिवशी तास संपल्यावर तिने चार पाने माझ्यापुढे ठेवली. आईने वाचून घेतले होते. म्हणजे लेकीने वाचले आणि आईने ऐकले. आईने दोन दुरुस्त्या सांगितल्या होत्या. एक, उसने देणाऱ्याचे नाव घालायचे नाही. दुसरी, शेवटच्या हप्त्याची रक्कम तीन हजार नव्हे, तीन हजार दोनशे. मी शुद्धलेखन तेवढे पाहिले. ‘मले’, ‘तुले’ जिथे आईच्या तोंडी होते तिथे तसेच राहू दिले.

फेब्रुवारीत ते जिल्ह्याच्या पानावर छापून आले, काटछाट न करता, आणि शेवटी चौकटीत पूर्वीच्या बातमीतल्या नावाची आणि तालुक्याची दुरुस्तीही आली. आमच्या जिल्ह्यात वर्तमानपत्र उघडून ‘दुरुस्ती’ची चौकट इतक्या लोकांनी वाचल्याचे मला तरी आठवत नाही. आकाशवाणीवर मुलांची भाषणे त्याच महिन्यात लागली. ती वडिलांच्या मृत्यूवर बोलली नाही, सीतादहीवर बोलली. कोलाम मुलाची दोन मिनिटेही वाजली आणि त्याच्या वस्तीवर एकाच मोबाइलभोवती तीस माणसे बसली होती, असे तो सांगतो.

धाकट्या बहिणीचे काय, असे माझ्या घरातून मला विचारण्यात आले. वाचकांच्या घरातूनही विचारले जाईल. तिला वैशाखात दोन ठिकाणांहून मागण्या आल्या. बारावी होईपर्यंत आईने दोघांनाही थांबायला सांगितले आहे.

दसऱ्यानंतर सीतादहीला त्यांच्या शेतात आमचे बोलावणे होते. आम्ही सहकुटुंब गेलो. दहीभात खाऊन झाल्यावर मी त्या माउलीला विचारले, “ते कात्रण कुठं ठेवलंत?” मला वाटले होते, देव्हाऱ्यात किंवा फोटोच्या चौकटीत असेल. ती घरात गेली आणि खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात सातबारा होता, रेशनकार्ड होते, बँकेचे पासबुक होते, आणि त्यांच्या मधोमध घडी घालून ते कात्रण होते.

“कागद नव्हता ना तवा,” ती म्हणाली, “आता हाय.”